सापसुरळीचं विष

माझ्या भावाला एकदा वळूनं शिंगावर घेतलं होतं. मांडी फाटली, रक्ताची धार लागली, आणि हा पठ्ठ्या उठून उभा राहिला आणि त्यानं वळूच्या थोबाडीत लगावली. खोटं नाही सांगत, मी समोरच होते, हातात दुधाची बादली होती. वळू मागं सरकला आणि बघतच राहिला. असा माझा भाऊ. पण गवतातून बोटभर सापसुरळी सळकन गेली की हाच गडी पांढराफटक पडायचा. आणि मग लाकडी मोगरी घेऊन तिच्यामागे लागायचा, ती मरेपर्यंत, कधी कधी मेल्यावरसुद्धा.

सापसुरळी तुम्ही पाहिलीच असेल. अंग गुळगुळीत, तांब्यासारखं चकाकणारं, दोन्ही कुशींना काळा पट्टा. पाय इतके आखूड की धावताना सापाचं पिल्लूच वाटते. जिथं गवत तिथं ती. किडे खाते, ऊन खात पडते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे मी आज बोलते हं. तेव्हा आम्ही सगळे छातीठोकपणे सांगायचो की तिच्यात नागापेक्षा जास्त विष असतं, चावली की माणूस पाणी मागत नाही. तिच्या चाव्यानं मेलेला माणूस कुणी पाहिला होता? कुणीच नाही. पण ऐकलेला सगळ्यांनी होता, आणि ऐकलेल्यावर माणसाचा जास्त विश्वास बसतो.

आम्ही दोघं एका मोठ्या गोठ्यावर कामाला होतो. मी धारा काढायची, तो कुट्टी करायचा. कुट्टी म्हणजे जनावरांसाठी बारीक कापलेला चारा. त्याचं मशीन असतं. एका तोंडानं गवताची पेंढी सारायची, आत चाकावरची पाती गरगरत असतात, दुसऱ्या तोंडानं चुरा बाहेर पडतो. त्या मशीननं कित्येकांची बोटं खाल्ली आहेत. माझ्या भावाची नाही खाल्ली, कारण तो कामात देवासारखा स्थिर. सगळे त्याला कुट्टीवालाच म्हणायचे. आईनं ठेवलेलं नाव फक्त मला माहीत, आणि मी त्याला ‘ए रेड्या’ म्हणायचे, त्यामुळं ते नाव तसंच पडून राहिलं.

आई लवकर गेली. त्याला मीच वाढवला. माझं लग्न झालं, नवरा हात उचलायला लागला, तेव्हा याच भावानं येऊन मला विचारलं, ‘ताई, हा रोज मारतो का?’ मी म्हटलं, रोज नाही, अधूनमधून. त्यानं नवऱ्याला काही केलं नाही. फक्त माझी पेटी उचलून खांद्यावर घेतली आणि चालायला लागला. मी मागोमाग. तेव्हापासून गोठ्यामागच्या एका खोलीत आम्ही दोघं, दोन खाटा, एक चूल आणि माझी बडबड. त्याची बडबड नव्हतीच. त्याला बोलायला लावायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं. एक खोड मात्र होती, खोटं बोलताच यायचं नाही. लहानपणी वर्गातल्या पोरांनी खिडकी फोडली की मास्तर थेट यालाच विचारायचे. मग शाळा सुटल्यावर पोरं याला बुकलायची. दुसऱ्या दिवशी विचारलं की हा पुन्हा खरंच सांगायचा. आता याला शहाणपण म्हणायचं की अक्कल गहाण टाकणं, तुम्हीच ठरवा.

तर त्याची काम करायची रीत. कुरणातून गवताच्या पेंढ्या यायच्या. दुसरा कुणी असता तर उचलली की मशीनमध्ये सारली. हा प्रत्येक पेंढी आधी फरशीवर आपटायचा. दाणकन. मग उलटी करून पुन्हा दाणकन. आतून सापसुरळ्या बाहेर पडायच्या आणि सैरावैरा धावायच्या, आणि हा दुसऱ्या हातातली मोगरी हाणायचा. फरशीवर नुसता चिखल व्हायचा. तुटलेल्या शेपट्या वळवळत राहायच्या. मला तर बघवायचं नाही. टेम्पोवाला, म्हणजे आमचं दूध शहरात नेणारा, हसून विचारायचा, ‘काय कुट्टीवाले, आज किती पाहुणे गेले?’ हा हसायचा नाही. त्याचं म्हणणं एकच, एखादी जरी पात्यात चिरडली गेली तर तिचं विष चाऱ्यात उतरणार आणि गाय मरणार. इतक्या वर्षांत त्याच्या हातच्या चाऱ्यानं एक गाय कधी आजारी पडली नाही. त्याला वाटायचं ते त्या मोगरीमुळं. मलाही वाटायचं.

आणि त्याचा जीव कुणात अडकला असेल तर पांढरी नावाच्या गाईत. पांढरी जन्मली आणि तिची आई त्याच दिवशी गेली. यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली, स्वतःच्या पांघरुणात घेऊन झोपला. खोलीभर घाण. मी डोकं आपटून घेतलं, पण हा ढिम्म. मोठी झाल्यावरही ती याचा आवाज ऐकला की दावं तोडायला बघायची. माझ्या हाताला कधी सुखानं धार दिली नाही सटवीनं, याला मात्र चाटत सुटायची.

त्या दिवशी सकाळी मशीनचा पट्टा घसरत होता. तिकडं गायी हंबरून आकांत करत होत्या. मी धारा संपवून कॅन टेम्पोपाशी नेऊन ठेवले. परत येते तर गोठ्यातून असा आवाज आला की मी धावतच आत शिरले. पांढरी खाली पडली होती. तोंडाला फेस, डोळे बाहेर, चारही पाय झाडत होती आणि तिचं डोकं खुंट्यावर आपटत होतं. खुंट्याला रक्त. चारा तेवढ्या तिघींनाच पडला होता; तिच्या शेजारच्या दोघी पण थरथरायला लागल्या आणि बघता बघता कोसळल्या. भाऊ पांढरीच्या मानेवर आडवा पडून तिचं डोकं धरायला बघत होता. त्या धडपडीत तिनं त्याला लाथ घातली, तरी सोडेना. मग ती थांबली. तिन्ही थांबल्या.

मालक धावत आला, पाठोपाठ त्याचा मुलगा, आम्ही त्याला धाकटा मालक म्हणायचो. टेम्पोवालाही आला. मालकानं विचारलं, ‘काय खाल्लं यांनी?’

मी भावाचा दंड चिमटला. जोरात चिमटला, कारण त्याचं तोंड बघूनच मला कळलं होतं. पण हा कसला गप्प बसतोय?

‘मालक, माझ्यामुळं झालं,’ तो म्हणाला. ‘सापसुरळी मशीनमध्ये गेली. मी पट्टा बघत होतो. वर बघितलं तर तिचं शेपूट आत जाताना दिसलं. ती कुट्टी फेकून द्यायला हवी होती. दिसली तेवढी वेचून काढली आणि बाकीची कुट्टी घातली. पांढरीला घातली.’

मालक मटकन खाली बसला. बोलला तो धाकटा. ‘ऐकलं ना सगळ्यांनी? कबूल केलंय त्यानं!’ असं ओरडून त्यानं भावाच्या पोटात लाथ मारली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की गायी गेल्याच्या रागात एवढी घाई कुणाला नसते. भाऊ पडला. मग टेम्पोवाल्यानंही लाथा घातल्या, बरगडीत, पाठीत, डाव्या कुशीत. भाऊ हात उचलायला गेला असता ना, तर दोघांनाही भिंतीला चिकटवलं असतं. पण त्यानं हात अंगाखाली घेतले आणि मार खाल्ला. हवाच होता त्याला तो मार. मी गवत ओढायचा काटा उचलला आणि धाकट्याच्या अंगावर गेले. टेम्पोवाल्यानं मागून माझे केस धरून मला खांबावर आदळलं. माझी भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, त्यामुळं पुढचं मी एकाच डोळ्यानं पाहिलं.

धाकट्यानं पेंढ्यांच्या ढिगाऱ्याखालून एक सापसुरळी पकडली. ती त्याच्या मुठीत वळवळत होती. भावाच्या छातीवर गुडघा रोवून तो म्हणाला, ‘विष असतं ना तिच्यात? मग चाख की तूही.’ टेम्पोवाल्यानं जबडा धरून तोंड उघडलं. आणि माझ्या भावानं, वळूच्या थोबाडीत मारणाऱ्या माझ्या भावानं, डोळे मिटून जीभ बाहेर काढली. स्वतःहून! ती चावली. जिभेवर रक्ताचा ठिपका दिसला. धाकट्यानं तिला फरशीवर फेकून बुटानं चिरडली आणि हात पुसले. मालक म्हणाला, ‘बस्स झालं.’ एवढं सगळं झाल्यावर त्याला तोंड फुटलं.

भाऊ स्वतःच्या पायांनी खोलीत आला आणि खाटेवर पडला. मला वाटलं आता मरतोच. त्यालाही तेच वाटत होतं, फरक इतकाच की मी रडत होते आणि तो निवांत होता. दुपार सरत चालली. त्याचं तोंड राखेसारखं झालं, ओठ पांढरे पडले, कपाळावर गार घाम. सारखं पाणी मागत होता.

‘ताई, विष चढतंय बघ,’ तो म्हणाला. ‘डाव्या खांद्यापर्यंत आलं. लाथा तर कुशीत बसल्या, मग खांदा का दुखेल? विषच ते.’

‘चल, दवाखान्यात जाऊ.’

‘कशाला? पांढरी गेली तसाच जाणार मी. बरोबर आहे ते.’

‘डोंबलाचं बरोबर!’ मी किंचाळले. ‘एका गाईसाठी जीव देणार? आणि मी काय करू? मला कोण आहे रे मेल्या?’

त्यानं पाण्याचा घोट घेतला. मग हळूच म्हणाला, ‘नवल बघ ताई, आज सकाळी पेंढ्या आपटल्या तर सापसुरळ्या पळतच नव्हत्या. मेलेल्याच पडत होत्या. नाकतोडे पण मेलेले, मूठमूठ. मोगरी उचलायची वेळच आली नाही. मला वाटलं चला, बरं झालं. आणि नेमकी एक आत गेली.’

आदल्या दिवशी उन्हं उतरताना मी धाकट्याला कुरणाच्या कडेला पाहिलं होतं. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला फडकं. नाकतोडे फार झाले म्हणून औषध मारत असणार. आणि तेच गवत सकाळी कापून आलं होतं. ‘अरे रेड्या, गवतावरच विष होतं!’ मी म्हटलं. ‘सापसुरळ्याच त्यानं मेल्या, त्या काय गाईला मारणार? धाकट्यानं फवारलंय, मी पाहिलंय!’

‘तू माझं मन राखायला बोलतेस,’ तो म्हणाला. ‘मी शेपूट जाताना बघितलंय ना.’ आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

मी त्याला ओढलं. हात धरून, पाय धरून, गळपट्टी धरून ओढलं. दोन माणसांचं वजन त्याचं, त्यात त्यानं खाटेची कड घट्ट धरलेली. मी त्याला थोबाडलं. हात जोडले. शिव्या दिल्या, आईची शपथ घातली. काही नाही. पोट हाताला दगडासारखं लागत होतं. हा माणूस स्वतःसाठी उठणार नव्हता, हे मला लख्ख कळलं. आणि ते कळल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर पडले.

खोलीच्या मागं गुडघाभर गवत होतं. मी रांगत शिरले. पहिली हाताला लागली ती शेपूट माझ्या चिमटीत ठेवून पळाली. दुसरीवर पातेलं घातलं. तिला मुठीत धरून आत आले आणि त्याच्या खाटेसमोर उभी राहिले. ‘ए, इकडं बघ,’ मी म्हटलं. त्यानं मान वळवली. मी तिच्या तोंडात करंगळी घातली.

चावेना मेली! एवढा जीव, भीतीनं नुसती थरथरत होती. मीच तिचा जबडा दाबला. सुई टोचल्यासारखं झालं, इतकंच. खोटं कशाला सांगू, मला फवारणीचं कळलं होतं, पण सापसुरळीच्या विषाबद्दल मला काडीचाही संशय नव्हता. गवतावर विष होतं आणि तिच्यातही विष होतं, दोन्ही खरंच वाटत होतं. आता मी मरणार, हे धरूनच मी ते केलं.

‘ताई!’ असा ओरडला तो की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. ‘काय केलंस तू? काय केलंस?’

‘तू चाललास ना? मग मी मागं राहून काय करू? सरक, मला पण पडू दे.’

तो उठला. कसा उठला ते डॉक्टरांनाही नंतर पटेना. पोट एका हातानं दाबलं, दुसऱ्या हातानं माझा दंड पकडला आणि मला फरफटत रस्त्यावर आणलं. टेम्पो संध्याकाळचे कॅन भरून निघतच होता. हा सरळ त्याच्या पुढ्यात उभा राहिला. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला, काच वर करायला गेला, तर यानं हात आत घालून त्याचा गळाच धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माणसावर हात टाकला. ‘ताईला दवाखान्यात ने,’ तो म्हणाला. ‘नाहीतर इथंच मान मोडतो.’ टेम्पोवाल्याचे डोळे पांढरे झाले. वाटेत त्यानं गाडी कुठं थांबवली नाही. भाऊ माझी करंगळी दोरीनं आवळून धरून बसला होता आणि सारखं विचारत होता, ‘चढतंय का? खांद्यापर्यंत आलं का?’

दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, ‘पेशंट कोण?’ मी त्याच्याकडं बोट केलं. त्यानं माझ्याकडं केलं.

‘सापसुरळी चावलीय हिला,’ तो म्हणाला. ‘आधी हिला बघा.’

‘अहो, सापसुरळीला कुठलं विष!’ असं म्हणत त्यांनी माझ्या करंगळीची दोरी सोडली आणि बोलता बोलता त्याच्या पोटावर हात ठेवला. त्यांचा चेहराच बदलला. खांदा दुखतोय का, असं त्यांनी विचारलं. हा ‘हो’ म्हणाला आणि जागच्या जागी कोसळला. मग नुसती धावपळ. लाथांनी डाव्या बरगडीखालची प्लीहा फुटली होती, पोटात रक्त साचत होतं, खांद्याची कळही त्याचीच. स्ट्रेचरवरून नेताना शुद्ध हरपेपर्यंत हा ओरडत होता, ‘आधी ताईला!’

मी बाकड्यावर बसले. बाई बोलल्या होत्या विष नसतं म्हणून, पण घाईघाईत बोललेलं कुठं मनाला पटतं? मी मरणाची वाट बघत बसले होते. एवढीच चिंता होती की तो बाहेर येईपर्यंत माझा जीव राहावा. टेम्पोवाला पळून गेला नव्हता. तो लांब भिंतीला टेकून उभा होता. शेवटी जवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘ताई, धाकट्या मालकानं काल तिथं औषध मारलं होतं. गायी पडल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, कुणाला बोलू नकोस.’

‘म्हणजे लाथा घालताना तुला ठाऊक होतं?’

मी चप्पल काढली. दवाखान्यातली माणसं येऊन मला ओढेपर्यंत मी त्याला हाणत होते, तोंडावर, डोक्यावर, जिथं लागेल तिथं. त्यानं चुकवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. पुढं पोलिसांसमोर त्यानंच साक्ष दिली, धाकटा आत गेला, आम्ही दुसऱ्या गोठ्यावर लागलो. ते सगळं नंतरचं.

उजाडल्यावर मला भावाजवळ सोडलं. नळ्या लावलेला, ओठ सुकलेले. त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

‘ताई, तू मेली नाहीस?’

‘दिसतेय का मेलेली?’

‘मी पण नाही?’

‘नाही रे.’

त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरायला वेळ लागतो, पण शिरली की मुळापर्यंत जाते. ‘म्हणजे पांढरीला मी नाही मारलं,’ तो म्हणाला.

‘नाही मारलंस, राजा. तू नाही मारलंस.’

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मीही रडले, मनातून म्हटलं, सुटलो एकदाचे. त्याचं तोंड पुसायला पदर पुढं केला, तर त्यानं माझा हात धरला. जिभेला सूज होती, शब्द नीट फुटत नव्हते.

‘मग ताई,’ त्यानं विचारलं, ‘त्या सगळ्या सापसुरळ्यांना मी का मारलं?’

मी म्हटलं, ‘बोलू नकोस, टाके तुटतील,’ आणि त्याचा हात तसाच धरून बसले.